पाचशे शब्दांत

अर्जात एक चौकोन आहे: क्षेत्र का बदलायचं आहे?
पाचशे शब्दांत लिहा.
तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
खरं उत्तर एवढुसं आहे आणि ते कुणाला पटणार नाही:
चाकणला, जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या कुंपणभिंतीवर
एक राखाडी डाग दिसला
आणि डबा उघडायचा राहून गेला.

सहा वर्षं मी गिअर मोजले.
दात, दातांमधली फट, फटीतली चूक.
पास. पास. रिजेक्ट. पास.
मायक्रोमीटरचा तो बारीक खटका
अजून झोपेत बोटांना लागतो.

आता शनिवारी निगडीहून पहिली बस,
डेक्कनला उतरायचं, चालत टेकडीखालच्या संस्थेत.
पगार नाही. ओळखपत्रावर 'स्वयंसेवक',
तेही पेनाने लिहिलेलं.
पहिले दोन महिने बागवान मॅडमनी
भिंगाला हात लावू दिला नाही.
जुन्या वर्तमानपत्रांची पाकिटं कर, म्हणाल्या.
चारशे केली.
एकाही घडीला कळलं नाही की मी इंजिनीअर आहे.

मग चौदा नमुने दिले, ओळख म्हणून.
अकरा चुकले.
खिलारेमामा, तीस वर्षं इथली कपाटं पुसणारे,
त्यांनी तेरावा नुसता उताणा केला:
"खालनं काळं, कडंला केस. ह्यो त्यो नव्हं."
मी, बीई, विशेष प्रावीण्यासह,
गुपचूप लेबल खोडलं.

घरी आई विचारते, "म्हणजे नक्की कशाचा अभ्यास?"
"दगडफुलाचा."
"मसाल्यातल्या?"
"तेच."
ती बराच वेळ खोबरं भाजत राहते.
"त्याला एवढं शिकावं लागतं?"
बाबा फ्लॅटच्या हप्त्याचा आकडा मोठ्यांदा वाचतात.
मला तो पाठ आहे.

एका शनिवारी पोटॅशचा थेंब
सालीखालच्या पांढऱ्या गराला टेकवला.
आधी पिवळा.
मग, मी धरलेला श्वास सोडेपर्यंत,
हळदीला चुना लागावा तसा लाल.
कुणीच पाहत नव्हतं.
मी दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा केलं,
गरज नसताना तिसऱ्यावरही.

पावसाळा संपता संपता बीजाणू मोजायला बसवलं.
"हात हलत नाही तुझा," मॅडम म्हणाल्या, "कुठे शिकलीस?"
"चाकणला."
"किती भरला?"
"अठरा मायक्रॉन."
"कमीजास्त?"
"एक."
त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं नाही.

शिफारसपत्राचं मी काढलंच नव्हतं.
त्यांनीच विचारलं, शेवटची तारीख काय,
आणि चष्मा पुसत बजावलं:
"बुरशी आणि शैवाल एकाच घरात नांदतात,
तशी माझ्यात दोन क्षेत्रं,
असलं काही लिहू नकोस. सगळे तेच लिहितात.
मोजलंस ते लिही."

म्हणून लिहिलं: पाकिटं चारशे. नमुने चौदा, चुकले अकरा.
पुढच्या खेपेला चुकले सहा.
त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा सात.
हे सात लिहू की नको, यात एक रात्र गेली.
लिहिले.

दोनशे बारा शब्द झालेत. चौकोन अर्धाही भरला नाही.

काल मंडईतून आईसाठी दगडफूल घेतलं, पन्नास ग्रॅम.
त्यातला एक तुकडा बाजूला काढला,
वर्तमानपत्राची घडी घातली, आता न बघता येते,
आणि वर लेबल:
स्थळ: मंडई, पुणे. दुकानातून.
आधार: ठाऊक नाही, बहुधा साल.
मूळ ठिकाण: दुकानदार म्हणाला, "वरनं येतं."
नाव: जागा कोरी ठेवली आहे.
संकलक:

इथे पेन जरा थांबलं.
मग मी माझं नाव लिहिलं, मागेपुढे काही न जोडता.

बाकीचं आईने तव्यावर टाकलं.
घरभर वास सुटला
आणि मी भिंग शोधायला उठले.